१८९५ : एक बाप्तिस्मा, दोन मृत्यू आणि एक प्रश्न



आजचा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला तीन-चार वेगवेगळ्या तरुणांनी विचारला. दोघे बेंगळुरूतलेच, इथे कंपन्यांत काम करणारे मराठी मुलगे. एक इंदूरचा, एक बेळगावची. प्रश्न असा की निरीश्वरवाद आणि ख्रिस्ती धर्म यांपैकी बुद्धीला अधिक पटणारी जीवनदृष्टी कोणती? हा प्रश्न त्यांच्यापर्यंत कुठून आला ते मला ठाऊक आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सभागृहांतले वादविवाद हल्ली सगळेच पाहतात. दोन विद्वान, मधे एक अध्यक्ष, दीड तास, शेवटी टाळ्या. मीही पाहतो. पण त्या वादात एक गोष्ट खटकते. तिथे हरणाऱ्याला काहीच गमवावं लागत नाही. तो घरी जातो, जेवतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी तोच वाद घालतो.

आपल्याकडे, पुण्या-मुंबईत, सव्वाशे वर्षांपूर्वी हा वाद माणसांनी स्वतःच्या आयुष्यावर घातला. म्हणून आज ऑक्सफर्डला न जाता १८९५ सालात जाऊ.

त्या वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. १७ जूनला पुण्यात गोपाळ गणेश आगरकर वारले. वय अवघं अडतीस, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, आपल्या भाषेतले सगळ्यांत धारदार बुद्धिवादी. आणि ऑक्टोबरात मुंबईत फादर नेहेम्या गोरे वारले. हे मूळचे काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे. एक ख्रिस्ती झाला, एक अज्ञेयवादी म्हणून जगून मेला, एक सत्तेचाळीस वर्षं ख्रिस्ती राहून मेला. तिघेही महाराष्ट्रीय ब्राह्मण घरांतले, तिघांनीही जन्माने मिळालेला धर्म तर्काच्या कसोटीवर घासून पाहिला. या तिघांच्या मधोमध एक बाई उभी आहे, पंडिता रमाबाई. माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर तिच्या आयुष्यात सापडतं. म्हणून तिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, ना. वा. टिळकांवर कमी. टिळकांसाठी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आहेतच. ज्याने वाचली नसतील त्याने हा भाग इथेच थांबवून ती वाचली तरी माझी तक्रार नाही.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे पुढे संशय नको. मी देव मानत नाही. पस्तिशीच्या आसपास मानणं सुटलं, त्यामागे काही नाट्यमय घडलं नाही. तरीही नोकरीत असेपर्यंत दर आठवड्याच्या मंदिर परेडला मी उभा राहिलो. सैन्यात सर्वधर्मस्थळ असतं, एका छपराखाली मूर्ती, गुरू ग्रंथसाहिब, क्रूस आणि नमाजाची जागा. धर्मगुरू हे आपल्याकडे गणवेशातले कनिष्ठ आयुक्त अधिकारी असतात आणि अधिकारी आपल्या जवानांचा धर्म पाळतो, स्वतःचा मागे ठेवतो. माझे पहिले सीओ साहेब पक्के नास्तिक होते. आरतीला ते सगळ्यांत पुढे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "देव माझा नाही रे, पोरं माझी आहेत." या वाक्याने देवाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण श्रद्धेचा प्रश्न नुसता खरं-खोट्याचा नसतो, त्यात कोण कोणासाठी उभं राहतं हेही येतं, एवढं डोक्यात बसलं.

दुसरी एक गोष्ट सैन्याने शिकवली आणि ती आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. शत्रूच्या हालचालीची बातमी आली की तिची प्रत दोन वेगळ्या मापांनी ठरवतात. बातमी आणणारा किती भरवशाचा, हे एका अक्षराने. बातमी स्वतः किती संभवनीय, हे एका आकड्याने. ही दोन मापं कधीही एकमेकांत मिसळायची नाहीत. भरवशाचा माणूस चुकीची बातमी आणू शकतो, कारण त्याचीही फसगत झालेली असते. लबाड माणूस खरी बातमी विकू शकतो. ज्याला हा भेद कळला नाही, त्याच्या हाती नकाशा देऊ नये.

आता एकोणिसाव्या शतकातला आपल्याकडचा धर्मवाद या नजरेने पाहा. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, तेव्हापासून मिशनरी आणि शास्त्री यांचे जाहीर वाद सुरू झाले. मिशनऱ्यांचा युक्तिवाद बहुतेकदा असा असे: आमच्या शाळा पाहा, दवाखाने पाहा, आमची विद्या पाहा, म्हणून आमचा देव खरा. म्हणजे बातमीदार चांगला, म्हणून बातमी खरी. आपल्या बाजूचा युक्तिवाद असा: हे राज्यकर्त्यांच्या जातीचे, गोमांस खाणारे, आपला धर्म बुडवायला आलेले, म्हणून यांचा देव खोटा. म्हणजे बातमीदार वाईट, म्हणून बातमी खोटी. दोन्ही बाजूंनी मापं मिसळली. हे आजही चालतं, फक्त आवाज वाढला आहे.

नीळकंठशास्त्री गोरे यांचं मोठेपण इथे आहे. जन्म १८२५, वाढले काशीत, न्यायशास्त्रात मुरलेले. ख्रिस्ती प्रचारकाला हरवायचं म्हणून त्यांनी बायबल हातात घेतलं आणि खंडन करता करता १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहिलं. सहा दर्शनांची तर्काने केलेली चिकित्सा. १८६२ साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं तेव्हा नावातच 'तर्कशुद्ध खंडन' असं म्हटलं होतं. इथवर ही एका धर्मांतरिताची नेहमीची कहाणी वाटेल. पण १८५४ साली ते महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले आणि ज्या देशाला ते ख्रिस्ताचा देश समजत होते तो पाहून खचले. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांना ते भेटले, तेव्हा त्यांची ही निराशा म्यूलर यांच्या चांगली लक्षात राहिली आणि पुढे त्यांनी ती लिहूनही ठेवली. बातमीदाराची प्रत एकदम खाली आली. गोऱ्यांनी बातमी मात्र सोडली नाही. ती त्यांनी वेगळी तपासली होती. आणि तपासणं कधी थांबवलंही नाही. त्यांच्या चरित्रात वारंवार येतं की शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. संन्यस्त ख्रिस्ती पाद्री, उपवास करणारा, अनवाणी फिरणारा, आणि रात्री पुन्हा तोच प्रश्न: हे सगळं खरं आहे कशावरून? ज्याला वाटतं की श्रद्धा म्हणजे विचार बंद करणं, त्याने गोऱ्यांचं चरित्र वाचावं. ज्याला वाटतं की श्रद्धेने मन शांत होतं, त्यानेही.

आता आगरकर.

टेंभूचा गरीब मुलगा, डेक्कन कॉलेजात तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकला, बळवंतराव टिळकांचा मित्र, 'केसरी'चा पहिला संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. पुढे मतभेद झाले, १८८८च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'सुधारक' काढला. हे सगळं शाळेत शिकवतात. शाळेत जे फारसं शिकवत नाहीत ते असं की आगरकर नुसते समाजसुधारक नव्हते. विधवांचं केशवपन बंद करा म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांतले बहुतेक शास्त्रातला एखादा अनुकूल श्लोक शोधून आणत. आगरकरांना श्लोक नको होता. श्लोक सापडला म्हणून गोष्ट चांगली आणि नाही सापडला म्हणून वाईट, ही पद्धतच त्यांना मान्य नव्हती. ईश्वराबद्दल ते अज्ञेयवादी होते: आहे असं सांगायला पुरावा नाही, आणि विश्वाच्या आदिकारणाविषयी माणसाला ठामपणे काही सांगता येत नाही. नीतीला देवाच्या धाकाची गरज नाही, हे तर ते उघड म्हणत. असल्या विचारांसाठी पुण्याने त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या घरावरून नेली. ते पाहत होते.

या प्रेतयात्रेकडे जरा थांबून पाहू. त्या काळी जो ख्रिस्ती होई त्याचं घरचे लोक घटश्राद्ध करत. मडकं फोडायचं, पिंड द्यायचे, माणूस मेला असं धरायचं. म्हणजे बायबल स्वीकारणाऱ्याला समाजाने मेलेला ठरवलं आणि कोणतंच पुस्तक न स्वीकारणाऱ्यालाही मेलेला ठरवलं. ऑक्सफर्डच्या सभागृहात हे दोघे समोरासमोर बसतात. पुण्यात त्यांना एकाच तिरडीवर घातलं होतं. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, एवढ्यावरून केवढं ग्रामण्य माजलं! रानडे आणि टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. ते मिशन ज्या पंथाचं होतं त्याच पंथाशी गोरे जोडलेले होते. चहाच्या एका कपाला ही किंमत, तर बाप्तिस्म्याला आणि नास्तिक्याला किती, याचा अंदाज करा.

तर आगरकरांची बाजू तर्काने भक्कम आहे का? माझं उत्तर आहे, बहुतांशी आहे. ते कमी दावा करतात, आणि जो कमी दावा करतो त्याला कमी सिद्ध करावं लागतं. बातमी अपुरी असेल तर 'अपुरी' असा शेरा मारून कागद परत पाठवायचा. त्यांनी तेच केलं. पण एका जागी मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. 'देवतोत्पत्ति' हा त्यांचा निबंध घ्या. देव ही कल्पना माणसाच्या मनात कशी आली? मृत्यू, स्वप्नं, सावल्या, मेलेल्या पूर्वजांची भुतं, मग पूर्वजपूजा, मग देव. वाचताना सगळं चपखल वाटतं. हा सगळा मांडव मुळात हर्बर्ट स्पेन्सर यांच्या सिद्धांतावर उभा आहे. आणि स्पेन्सर कधी कुठल्या आदिवासी वस्तीत राहून आलेले नव्हते. प्रवाशांची आणि मिशनऱ्यांची टिपणं वाचून, लंडनमध्ये खुर्चीत बसून त्यांनी हे मांडलं. पुढे आफ्रिकेत प्रत्यक्ष राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९६५ साली असल्या सिद्धांतांची छान टर उडवली: हे म्हणजे 'मी घोडा असतो तर मला काय वाटलं असतं' असं म्हणून घोड्याचं मन सांगण्यासारखं आहे. आता गंमत पाहा, हे इव्हान्स-प्रिचर्ड पाद्र्याचा मुलगा आणि नंतर कॅथलिक झालेले. बातमीदाराकडे बोट दाखवण्याचा मोह होतो की नाही? पण बातमी बरोबर होती. स्पेन्सरचा भूतसिद्धांत आज कोणी जसाच्या तसा मानत नाही.

मुद्दा असा की आगरकरांनी मनूला जो प्रश्न विचारला तो स्पेन्सरला पुरेसा विचारला नाही. स्पेन्सर आणि मिल ही त्या पिढीच्या पदवीधरांची श्रुती-स्मृती होती. यात आगरकरांची थोरवी कमी होत नाही. अडतिसाव्या वर्षी, दम्याने पोखरलेल्या शरीराने, माणूस आणखी किती भांडणं करणार? बायकोला आपल्या अंत्यविधीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून थोडे पैसे पुडीत बांधून त्यांनी बाजूला ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. पण आजचे जे तरुण म्हणतात की नास्तिक झालो म्हणजे आपोआप विवेकी झालो, त्यांनी ही जागा पाहून ठेवावी. पोथी बदलली तरी पोथीनिष्ठा राहू शकते.

आता रमाबाई. या आमच्या कर्नाटकाच्या. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटात गंगामूळच्या जंगलात त्यांचा जन्म झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती जिथे उगम पावतात तो हा मुलूख. बेंगळुरूहून चिकमगळूर ओलांडून पुढे गेलं की कुद्रेमुखच्या वाटेवर लागतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांची बोलणी खाल्ली, मग रानात आश्रम करून राहिले. पुढे पैसा संपला आणि कुटुंब पुराण सांगत देशभर फिरत राहिलं. व्रतं, उपवास, दानं, तीर्थस्नानं, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. १८७४च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून ही दोघं वाळूत खड्डा करून अंगावर कोरडी वाळू ओढून झोपत. हे रमाबाईंनी स्वतः लिहिलं आहे.

त्यांचा जुना विश्वास उडाला तो या अनुभवाने. याला मी पहिली तपासणी म्हणतो. जे सांगितलं ते सगळं केलं, जे मिळेल म्हणून सांगितलं ते मिळालं नाही. दुसरी तपासणी ग्रंथांची. कलकत्त्याला १८७८ साली पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्यानंतर त्यांनी धर्मशास्त्रं नीट वाचली. त्यांच्या ध्यानात आलं की हे ग्रंथ एकमेकांशी कशावरच सहमत नाहीत, फक्त दोन गोष्टींवर एकमत आहे: बाई ही जात म्हणून वाईट, आणि बाईला तिच्या बाईपणात मोक्ष नाही. ज्या पुस्तकांचं एवढ्याच बाबतीत जमतं त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची?

म्हणजे १८८० साली रमाबाई आगरकरांच्याच ठिकाणी उभ्या होत्या. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, कारण दोघांचाही कुठल्याच विधीवर विश्वास नव्हता. ख्रिस्ती लोकांविषयी त्यांचा पहिला अनुभव तर विनोदी आहे. कलकत्त्यात त्या एका ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून समोरच्या खुर्च्यांवर डोकं टेकवून बसले. रमाबाईंना वाटलं, हे खुर्च्यांची पूजा करताहेत!

१८८२च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. भाऊ आधीच गेलेला. तेवीस वर्षांची बाई, कडेवर मनोरमा. ती पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी साक्ष दिली, आणि १८८३ साली इंग्लंडला वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात पोचली. जाताना सांगून गेली होती की धर्म बदलणार नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कशामुळे? इथे लोक घाईने उत्तर देतात. पुण्याने उत्तर दिलं: आमिष. मिशनऱ्यांनी उत्तर दिलं: प्रभूची कृपा. रमाबाईंनी स्वतः सांगितलेलं कारण फार साधं आहे. लंडनजवळ फुलहॅमला त्या भगिनी चालवत असलेलं एक घर त्यांनी पाहिलं. ज्यांना समाज 'पतित' म्हणून उकिरड्यावर टाकतो अशा बायकांना तिथे सांभाळत होते. आपल्याकडच्या शास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितल्या आहेत ते रमाबाईंना पाठ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली.

तर्कशास्त्राचा विद्यार्थी लगेच हात वर करील. एक घर चांगलं चालतं, यावरून त्रैक्य सिद्ध होत नाही. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हेही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. बातमीदार अव्वल आहे, एवढंच सिद्ध होतं. पण मंडळी, हे रमाबाईंना आपल्याआधी कळलं होतं! म्हणूनच बाप्तिस्म्यानंतरची तीन वर्षं त्या भांडत राहिल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजातून त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली पत्रं वाचा. एकात तीन आणि तीनात एक हे मला पटत नाही, पटल्याशिवाय मानणार नाही. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी शंका, बिशपांच्या अधिकाराविषयी शंका. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत? त्यांनी पुरुषांना शिकवायचं की नाही हे हिंदुस्थानातले बिशप ठरवणार म्हटल्यावर त्या उसळल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं, आता तसलंच दुसरं मी घालून घेणार नाही. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांनाच हे ऐकवायचं! बातमीदाराविषयी पूर्ण आदर आणि बातमीच्या एकेका ओळीवर प्रश्नचिन्ह. सैन्यात असती तर ही बाई गुप्तवार्ता विभागाची प्रमुख झाली असती.

पुण्यात तिच्या बाजूने उघड उभा राहिला तो जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंचं समर्थन केलं. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत आणि नास्तिकही नव्हते, निर्मिक मानत. मिशनच्या शाळेत शिकलेला, टॉमस पेन वाचलेला हा माणूस मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एका घराचं चित्र रंगवतो: सगळे ग्रंथ वाचून आई बौद्ध झाली, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एकमेकांशी प्रेमाने राहताहेत. ही कल्पना १८९१ साली छापली गेली. आज ती कोणी व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंब-गटात टाकून पाहावी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. १८९३ साली मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. याच सदनातल्या गोदूबाई या विधवेशी त्याच वर्षी फर्ग्युसनमधले गणिताचे एक प्राध्यापक लग्न करतात, ते धोंडो केशव कर्वे. कर्वे पुढे स्वतःला अज्ञेयवादीच म्हणवत. म्हणजे एका अज्ञेयवाद्याच्या घरची आणि त्याच्या कार्याची सोबतीण एका ख्रिस्ती बाईच्या शाळेतून आली. 'कोणती जीवनदृष्टी' या प्रश्नाची धार इथे थोडी बोथट होते, नाही का?

पण मी कथा अर्धवट सांगणार नाही. रमाबाई पुढे बदलल्या. १८९१च्या सुमारास आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आत्ता भेटला, असं त्या म्हणू लागल्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली उचलून आणल्या. स्वतः दुष्काळातून वाचलेली बाई होती ती. केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं. आणि १९०५ साली तिथे धार्मिक जागृतीची लाट आली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, अनोळखी भाषांत बोलत. त्रैक्याचं प्रमाण मागणारी ती पत्रलेखिका इथे कुठे गेली? माझ्यासारख्या माणसाला हे पान वाचताना अडखळायला होतं. इथे बातमी तपासणं थांबलं, असं माझं मत आहे. दुसऱ्या बाजूने, त्या वर्षांत केडगावात छापखाना मुली चालवत होत्या, शेती मुली करत होत्या, अंध मुलींना वाचायला शिकवलं जात होतं. ज्या तर्कशुद्ध मंडळींनी १८९३ साली राजीनामे दिले त्यांच्यातल्या कोणाच्या नावावर हे लागत नाही.

आमच्या बेंगळुरूत हा तपासण्याचा वसा ज्याने चालवला तो माणूस म्हणजे एच. नरसिंहय्या. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे, भौतिकशास्त्राचे डॉक्टर, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, खादीतले. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ साली त्यांनी चमत्कारांची तपासणी करायला समिती नेमली आणि सत्य साईबाबांना पत्रं लिहिली की आमच्यासमोर, आमच्या अटींवर दाखवा. उत्तर आलं नाही. त्यांच्या पद्धतीत मला आवडतं ते हे की त्यांनी देवाविरुद्ध समिती नेमली नाही, तपासता येण्यासारख्या दाव्यांसाठी नेमली. नरेंद्र दाभोलकरांचीही भूमिका हीच होती. देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ५ सप्टेंबर २०१७ला इथे बेंगळुरूत गौरी लंकेश यांना त्यांच्या घराच्या दारात. आगरकरांच्या काळी निदान प्रेतयात्रा खोटी होती.

मग तरुण मित्रांना माझं उत्तर काय? देवाच्या अस्तित्वापुरता प्रश्न असेल तर मी आगरकरांच्या रांगेत उभा आहे. पुरावा अपुरा, कागद परत. पण कोण अधिक विवेकी वागला, असं विचाराल तर मी १८८३ ते १८८६च्या रमाबाईंना सगळ्यांच्या वर ठेवीन, आणि त्या वेळी त्या ख्रिस्ती होत्या. ज्यांचे उपकार आहेत त्यांना प्रश्न विचारणं हे विरोधकाला प्रश्न विचारण्यापेक्षा फार कठीण असतं. नास्तिक आगरकरांना स्पेन्सरच्या बाबतीत ते जमलं नाही. खुद्द रमाबाईंना पुढे जमलं की नाही, याविषयी तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आधीच्या भाषांतरांतली संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही आणि तिच्यातले शब्द जुन्या कल्पना घेऊन येतात, ही त्यांची तक्रार. म्हणून म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून भाषांतर केलं. मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं. ग्रंथ १९२४ साली निघाला.

आणि ती भांडखोर पत्रं? सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपून, जुळवून ठेवली, ज्यांत स्वतः त्यांचीच खरडपट्टी होती. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. संपादक होते अ. भि. शहा, इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक, हमीद दलवाईंचे साथी, पक्के बुद्धिवादी. पुस्तक इंग्रजीत आहे, जुन्या ग्रंथालयांत मिळतं. १८८५ सालची पत्रं आधी वाचा.

पुढच्या भागात याच वादाचा आधीचा अंक घेऊ: १८५७च्या जानेवारीपासून मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत बसलेल्या गर्दीसमोर, विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री जॉर्ज बोवेन. तोवर, जय हिंद.